इंग्रजीतलं 'क्राउन' हे क्रियापद मराठीत कसं आणता? सल्ला हवा आहे

बारवकाठ:

नमस्कार मंडळी. मी एका मराठी बातमी संकेतस्थळासाठी इंग्रजीतून मजकूर आणते. क्रीडा, परदेश, आरोग्य, पर्यटन, जे समोर येईल ते. आमच्याकडे नवीन मुलं-मुली रुजू झाली आहेत आणि त्यांच्यासाठी नेहमी अडणाऱ्या शब्दांचं एक टिपण करायचं काम माझ्याकडे आलं आहे. पहिलाच शब्द घेतला तो 'क्राउन', तोही क्रियापद म्हणून. नाम सोपं आहे, मुकुट म्हटलं की भागतं. क्रियापद मात्र दर बातमीत वेगळं वागतं.

याच महिन्यात आलेल्या मजकुरातली काही वाक्यं देते:

"इंडिया वेअर क्राउन्ड वर्ल्ड चॅम्पियन्स."
"द हिल इज क्राउन्ड बाय अ रुइन्ड कॅसल."
"टू क्राउन इट ऑल, द लास्ट ट्रेन वॉज कॅन्सल्ड."
"द बेबी वॉज ऑलरेडी क्राउनिंग व्हेन द ॲम्ब्युलन्स अराइव्ह्ड."

शेवटच्या वाक्याचं यंत्राने केलेलं भाषांतर आमच्या एका मुलीने तसंच पुढे पाठवलं होतं. त्यात रुग्णवाहिका पोहोचली तेव्हा बाळाला मुकुट घातला जात होता. छापायच्या आधी लक्षात आलं म्हणून बरं. पण यावरून जाणवलं की मुलांना अर्थांची यादी देऊन भागणार नाही, शब्दाचा स्वभाव कळायला हवा. तुम्ही आपापल्या क्षेत्रात हा शब्द कसा हाताळता? आणि पडताळायला कोणता कोश किंवा साधन वापरावं?

क्रीडापान:

ताई, खेळाच्या पानावर आयुष्य गेलंय, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. इंग्रजी क्रीडा-बातमीत 'क्राउन्ड' म्हणजे विजेतेपद पक्कं झालं, एवढंच. मुकुट नसतोच, आणि पुष्कळदा त्या क्षणी चषकही नसतो. हे मुलांच्या मनावर ठसवा, कारण खरी चूक इथेच होते.

इंग्लिश प्रीमियर लीगचं उदाहरण घ्या. 27 एप्रिल 2025 ला लिव्हरपूलने टॉटनहॅमला 5-1 हरवलं आणि इंग्रजी मथळे आले, "लिव्हरपूल क्राउन्ड चॅम्पियन्स". चार सामने शिल्लक होते. चषक हातात पडला तो शेवटच्या सामन्यानंतर, मे महिन्यात. आता एप्रिलमधल्या त्या मथळ्याचं "लिव्हरपूलने चषक उंचावला" असं मराठी केलं तर बातमी चुकली. "विजेतेपदावर शिक्कामोर्तब" किंवा "विजेतेपद निश्चित" हे बरोबर. उलट 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं, तेव्हा विजेतेपद आणि चषक एकाच रात्री मिळाले. तिथे "विश्वचषक उंचावला", "विश्वचषकावर नाव कोरलं", काहीही चालतं. वाक्य तेच, 'वेअर क्राउन्ड', पण मराठी क्रियापद निवडायचं ते मैदानावर त्या दिवशी काय घडलं ते बघून.

दुसरं असं की मराठीत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर काही ठेवण्याची सवय कमीच. आपण गळ्यात घालतो नाहीतर हातात देतो. विजेतेपदाची माळ गळ्यात पडते. कुस्तीत तर प्रश्नच नाही. इंग्रजी पेपरात "क्राउन्ड महाराष्ट्र केसरी" असं येतं आणि आपल्याकडे मल्ल चांदीची गदा पटकावतो. तिथे मुकुट लिहिलात तर तालमीतला वाचक पुढचं वाचणारच नाही. बुद्धिबळात डिसेंबर 2024 मध्ये सिंगापूरला गुकेशने डिंग लिरेनला हरवलं, तेव्हा इंग्रजीत 'क्राउन्ड' होतं आणि मी "सर्वांत तरुण विश्वविजेता ठरला" असं सरळ लिहिलं. साधं 'ठरला' पुष्कळदा पुरतं.

आणि कृपा करून प्रत्येक विजयाला "शिरपेचात मानाचा तुरा" लावू देऊ नका. तुरा ही वरची भर असते. ज्याच्या डोक्यावर आधीच शिरपेच आहे, त्याला नवा मान मिळाला तर तुरा. पहिल्यांदाच जगज्जेता झालेल्याला तुरा म्हणणं म्हणजे त्याचं यश कमी करून सांगणं.

बारवकाठ:

चषकाच्या तारखेचा मुद्दा फार मोलाचा आहे, धन्यवाद दादा. हे टिपणात पहिल्या ओळीत जाईल.

जुना_फळा:

बारवकाठ, मी निवृत्त इंग्रजी शिक्षक. तुमची मुलं इंग्रजीतून मराठीत आणतात, पण कधीतरी मराठीतून इंग्रजीतही लिहीत असतील, म्हणून रचनेबद्दल थोडं लिहितो. माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त घोळ इथेच व्हायचा.

या क्रियापदामागे आधी व्यक्ती येते आणि तिच्यामागे लगेच पद. "दे क्राउन्ड हर क्वीन." मध्ये काही नाही. आपल्याला मराठीत 'राणी म्हणून' म्हणायची सवय, म्हणून विद्यार्थी हमखास 'ॲज' घालतात. तो इथे लागत नाही. तसंच 'अ' सुद्धा लागत नाही. पद एकमेव असेल तर उपपद गळून पडतं, म्हणजे "वॉज क्राउन्ड किंग", "वॉज क्राउन्ड चॅम्पियन". 'विनर' आला की मात्र 'द' येतो, "वॉज क्राउन्ड द विनर". याचा नियम पाठ करण्यापेक्षा दहा खरी वाक्यं वाचली की कानात बसतं.

संघाच्या बाबतीत ब्रिटिश पद्धतीत, आणि आपल्याकडच्या इंग्रजी क्रिकेट-लेखनातही, "इंडिया वेअर क्राउन्ड" असं अनेकवचन येतं. अमेरिकन बातमीत तेच 'वॉज' होतं. दोन्ही शुद्ध. एका लेखात एकच ठेवावं, इतकंच.

हे क्रियापद बहुतेक वेळा कर्मणी प्रयोगात येतं, हेही मुलांना सांगा. मुकुट घालणारा कोण हे सहसा महत्त्वाचं नसतं. तो महत्त्वाचा झाला की वाक्य वळतं. 2 डिसेंबर 1804 ला पॅरिसच्या नोत्र दामात पोप सातवे पायस समोर बसलेले असताना नेपोलियनने स्वतःच मुकुट उचलून डोक्यावर ठेवला. इंग्रजीत ते "क्राउन्ड हिमसेल्फ" या दोनच शब्दांत येतं आणि सगळा अर्थ त्या 'हिमसेल्फ'मध्ये असतो. मराठीत तिथे "स्वतःच्या हाताने" हे शब्द आलेच पाहिजेत, नाहीतर वाक्याचा प्राण जातो.

हल्ली 'कॉरोनेट' असं क्रियापद कुठेकुठे दिसतं. ते कोशात सापडेल, पण चांगला इंग्रजी संपादक 'क्राउन'च ठेवतो. 'कॉरोनेशन' हे नाम आणि 'क्राउन' हे क्रियापद, ही जोडी लक्षात ठेवावी.

पडताळणी:

परदेश पानासाठी थोडी भर. माझं काम तथ्य-तपासणीचं आहे आणि राजघराण्यांच्या बातम्यांत 'क्राउन्ड'ने बऱ्याच जणांना चकवलेलं मी पाहिलं आहे.

राजा होणं आणि राज्याभिषेक होणं या इंग्लंडमध्ये दोन वेगळ्या घटना आहेत. तिसरे चार्ल्स राजे झाले 8 सप्टेंबर 2022 ला, आई गेली त्या क्षणी. 'क्राउन्ड' झाले 6 मे 2023 ला, वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये. दुसऱ्या एलिझाबेथ 6 फेब्रुवारी 1952 ला राणी झाल्या आणि मुकुट चढला 2 जून 1953 ला. आठवे एडवर्ड जानेवारी 1936 पासून जवळपास वर्षभर राजे होते, पण 'क्राउन्ड' कधीच झाले नाहीत. त्यांच्यासाठी ठरवलेला दिवस होता 12 मे 1937. त्याआधीच डिसेंबरमध्ये त्यांनी गादी सोडली आणि त्याच ठरलेल्या दिवशी धाकट्या भावाचा, सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. म्हणून 'क्राउन्ड' दिसलं की "गादीवर आले" लिहू नये आणि 'अक्सेशन' (गादीवर येणं) दिसलं की "राज्याभिषेक झाला" लिहू नये.

दुसरा धोका असा की युरोपातल्या बहुतेक राजांना आज कोणी मुकुट घालतच नाही. नेदरलँड्सचे विलेम-अलेक्झांडर 30 एप्रिल 2013 ला राजे झाले, तेव्हा मुकुट शेजारी मेजावर ठेवलेला होता, डोक्यावर नाही. स्पेनचे सहावे फेलिपे 2014 मध्ये आणि डेन्मार्कचे दहावे फ्रेडरिक जानेवारी 2024 मध्ये नुसते घोषित झाले. इंग्रजी वृत्तसंस्थासुद्धा घाईत 'क्राउन्ड' लिहितात. आपण "राजेपदी आरूढ झाले" किंवा "राजे म्हणून घोषणा झाली" लिहावं. जपानचे नारुहितो यांच्यासाठी 2019 मध्ये इंग्रजीत 'एन्थ्रोन्ड' होतं, ते आपलं सिंहासनारोहण. पोपच्या बाबतीतही तेच. शेवटचे 'क्राउन्ड' पोप म्हणजे सहावे पॉल, 1963 मध्ये.

भारताशी जोडलेली एक चूक वारंवार दिसते, ती म्हणजे "पाचव्या जॉर्जचा दिल्लीत राज्याभिषेक झाला". त्यांना मुकुट चढला 22 जून 1911 ला लंडनमध्ये. डिसेंबरमधला दिल्ली दरबार हा तो साजरा करण्यासाठी होता. दरबारात ते मुकुट घालूनच आले, तिथे कोणी घातला नाही. आपलं गेटवे ऑफ इंडिया आहे तेही 2 डिसेंबर 1911 ला राजा-राणी अपोलो बंदरावर उतरले त्याच्या स्मरणार्थ, राज्याभिषेकाच्या नाही.

बारवकाठ:

पडताळणी, मग 'क्राउन्ड'ला 'राज्याभिषेक' म्हणणं तरी कितपत बरोबर? अभिषेकात पाणी आहे, मुकुट नाही.

पडताळणी:

बरोबर आहे आणि चालतं, माझं ठाम मत. दोन्ही भाषांनी एका लांबलचक विधीतला एकेक तुकडा उचलून सगळ्या विधीला त्याचं नाव दिलं आहे. इंग्रजीने मुकुट उचलला, आपण पाणी उचललं. वेस्टमिन्स्टरमध्येही राजाला पवित्र तेल लावलं जातं आणि तो भाग सगळ्यांत पवित्र मानतात. 2023 मध्ये तेवढा भाग पडद्याआड झाला, दूरचित्रवाणीवर दाखवला नाही. इकडे 6 जून 1674 ला रायगडावर अभिषेकाचं जल, छत्र, सिंहासन हे सगळं होतं आणि नाव अभिषेकाचं राहिलं. इंग्रजीत "वॉज क्राउन्ड छत्रपती" असं लिहितात तेव्हा वाचकाच्या डोळ्यांसमोर नुसता मुकुट येतो. शक्य असेल तिथे पुढे एक वाक्य जोडून अभिषेक आणि छत्र सांगावं, कारण 'छत्रपती' हे पदच छत्रावरून आलेलं आहे.

आणि एका ठिकाणी मराठीने हे फार सुंदर जुळवलेलं आहे. 'अनक्राउन्ड किंग'ला आपण 'अनभिषिक्त राजा' म्हणतो. आयर्लंडचे राजकीय नेते चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांना इंग्रजीत "आयर्लंडचे अनक्राउन्ड किंग" म्हणत, आणि मुंबईत काँग्रेस नेते स. का. पाटील यांना "मुंबईचे अनभिषिक्त सम्राट". 1967 च्या निवडणुकीत जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांना हरवलं, तेव्हाच्या बातम्यांत ही उपाधी ठळकपणे येते. इथे 'मुकुट नसलेला राजा' लिहायची काही गरज नाही.

माहेरवाट:

मी मूळची सांगलीची, आता उत्तर इंग्लंडमध्ये मिडवाइफ आहे. बारवकाठ, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले.

हे 'क्राउनिंग' राजाच्या मुकुटावरून समजून घेऊ नका. डोक्याच्या वरच्या भागाला इंग्रजीत 'क्राउन' म्हणतात, आपला माथा, जिथे भोवरा असतो ती जागा. प्रसूतीत कळ येते तेव्हा बाळाचं डोकं दिसू लागतं आणि कळ ओसरली की परत आत सरकतं. असं बराच वेळ चालतं, पहिलटकरणीला तर जास्तच. मग एक क्षण येतो, डोक्याचा रुंद भाग योनीच्या तोंडाशी येऊन थांबतो आणि कळ गेली तरी आत जात नाही. त्याला 'क्राउनिंग' म्हणतात. म्हणजे नुसतं "डोकं दिसतंय" हेसुद्धा पुरेसं नाही, कारण दिसायला तर आधीपासून लागलेलं असतं.

या क्षणी आम्ही बाईला जोर लावायचं थांबवायला सांगतो. छोटे छोटे श्वास घ्यायचे, धाप लागल्यासारखे, म्हणजे डोकं हळू बाहेर येतं आणि फाटण्याचा धोका कमी होतो. खूप जळजळ होते तेव्हा. आपल्याकडच्या बायका इथे येतात, सोबत कधी सासूबाई असतात. त्यांना मी म्हणते, "आत्या, डोकं आलंय, आता आत जात नाही, आता जोर नको." 'आत जात नाही' हे तीन शब्द ऐकले की ज्यांनी घरात बाळंतपणं पाहिली आहेत त्यांना बाकी सांगावं लागत नाही.

तुमच्या बातमीत "रुग्णवाहिका पोहोचली तेव्हा बाळाचं डोकं बाहेर येऊ लागलं होतं" लिहा. वैद्यकीय लेख असेल तर पुढची माहिती द्या. आणि मुलांना एक खूण सांगा. कर्ता बाळ असेल, रूप 'इंग'चं असेल आणि पुढे कसलंही पद नसेल, तर ते हेच. इथे कोणी कोणाला काही घालत नाही, बाळाचं डोकं आपलं आपण येतं.

बारवकाठ:

माहेरवाट ताई, किती नेमकं सांगितलंत. आमच्या आरोग्य पानाला हे जसंच्या तसं देते.

दंतकथा:

दातांचं थोडक्यात. "हॅव अ टूथ क्राउन्ड" म्हणजे दाताला कॅप बसवणं. पेशंट कॅप म्हणतात, आम्हीही त्यांच्याशी कॅपच म्हणतो. रूट कॅनॉलनंतर दाढ ठिसूळ होते, चावताना तडकू शकते, म्हणून वरून झाकतात. बोलीभाषेच्या इंग्रजीत क्रियापद कमी येतं, लोक "आय हॅड अ क्राउन पुट ऑन" असं नामच वापरतात. एक सावधगिरी म्हणजे हिरडीच्या वर दिसणाऱ्या दाताच्या नैसर्गिक भागालाही 'क्राउन' म्हणतात. "द क्राउन ऑफ द टूथ इज फ्रॅक्चर्ड" म्हणजे कॅप तुटली नव्हे, दाताचा वरचा भाग तुटला.

सह्यवेडा:

डोंगराच्या वाक्यासाठी आलो. 'माथा' हा आपला शब्द असताना मुकुटाकडे जायचं कशाला? "टेकडीच्या माथ्यावर पडक्या किल्ल्याचे अवशेष आहेत." झालं.

पण इंग्रजी वाक्यात थोडा भाव असतो, हेही खरं. नुसतं वर असणं वेगळं आणि 'क्राउन' करणं वेगळं. एडिनबराचा किल्ला खडकावर नुसता उभा नाही, त्या खडकाचा आकारच त्याने पुरा होतो, म्हणून तिथे 'क्राउन्स' शोभतं. आपल्याकडे राजगडाचा बालेकिल्ला तसाच. तिन्ही माच्या बघून झाल्यावर मान वर करावी, तर सगळ्यांच्या वर तो. "द सिटाडेल क्राउन्स द फोर्ट" लिहिलं तर मला पटेल. जेजुरी, जोतिबा, पुण्याची पर्वती, इथे देऊळ दिसत नाही तोवर डोंगर ओळखूच येत नाही. अशा ठिकाणी मराठीत "माथ्यावर विराजमान" चालेल, पण देवासाठी किंवा देवळासाठी. मोबाइलच्या मनोऱ्याला विराजमान करू नका.

व्याकरणाचं म्हणाल तर इथे 'इज क्राउनिंग' कधीच येत नाही. किल्ला जागचा हलत नाही, म्हणून 'क्राउन्स' किंवा 'इज क्राउन्ड बाय', 'क्राउन्ड विथ'. सर, बरोबर ना?

जुना_फळा:

अगदी बरोबर. आणि माहेरवाट यांच्या बाळाच्या वाक्यात नेमकं उलट, तिथे 'इंग'च लागतं. ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली तर निम्मं काम होतं.

आता राहिलं "टू क्राउन इट ऑल". हा ब्रिटिश वाक्प्रचार, अमेरिकेत त्याऐवजी "टू टॉप इट ऑल" किंवा "टू टॉप इट ऑफ" ऐकू येतं. एकामागून एक अडचणी आल्या आणि शेवटी सगळ्यांवर ताण करणारी आणखी एक आली, की हा वापरतात. पाऊस पडला, पाकीट हरवलं, आणि "टू क्राउन इट ऑल" शेवटची गाडी रद्द. मराठीत "कहर म्हणजे" किंवा "आणि कळस म्हणजे". "दुष्काळात तेरावा महिना" सुद्धा बसतं, पण वाक्य लांबतं.

माझ्या मते या सगळ्या क्रियापदाला मराठीतला सगळ्यांत जवळचा शब्द कळस आहे. देऊळ बांधून झाल्यावर शेवटी चढतो तो कळस, आणि सगळ्यांत वर असतो तोही कळस. शेवटचं आणि सर्वांत वरचं, हे दोन्ही अर्थ इंग्रजी 'क्राउन'मध्येही एकत्रच आहेत. बरं-वाईट दोन्हीकडे तो जातो. "क्राउनिंग अचीव्हमेंट" म्हणजे कारकिर्दीचा कळस, आणि "द क्राउनिंग इन्सल्ट" म्हणजे अपमानाचा कळस.

क्रीडापान:

सर, आदराने असहमत. लेखी मराठीत चांगल्या अर्थाचा कळस अजून जिवंत आहे, मान्य. पण मथळ्यात "तेंडुलकरच्या कारकिर्दीचा कळस" लिहिलं की आजचा वाचक क्षणभर थबकतो, कारण रोजच्या बोलण्यात त्याने "मूर्खपणाचा कळस", "बेशिस्तीचा कळस" एवढंच ऐकलेलं असतं. 2011 ला वानखेडेवर विश्वचषक जिंकला, तो इंग्रजीत त्याच्या कारकिर्दीचा 'क्राउनिंग मोमेंट' म्हटला गेला. मी तिथे "कारकिर्दीतला परमोच्च क्षण" लिहीन. मथळ्याला दुसरी संधी नसते.

जुना_फळा:

मथळ्यापुरतं तुमचं मान्य करतो. पण लेखाच्या पोटात कळस ठेवा. चांगल्या अर्थाने आपण तो वापरलाच नाही, तर वाईट अर्थच तेवढा उरेल. वारकऱ्यांच्या घरात वाढलेल्या मुलाला तुकोबांना कळस का म्हणतात हे सांगावं लागत नाही. ती समज टिकवणं आपल्या हातात आहे.

सह्यवेडा:

सरांना माझा पाठिंबा. गावात नव्या देवळाचं कलशारोहण असतं तेव्हा अख्खा गाव जमतो. हा शब्द एवढ्यात मरणार नाही.

पणजीकर:

गोव्याहून दोन ओळी. रीटा फारिया यांच्याबद्दल इंग्रजीत नेहमी "क्राउन्ड मिस वर्ल्ड इन 1966" असं येतं. मूळ गोव्याचं कुटुंब, मुंबईत वाढलेल्या, तेव्हा वैद्यकीचं शिक्षण चालू होतं. या स्पर्धेत खरोखर मुकुट घालतात, म्हणून इथे "मिस वर्ल्डचा मुकुट" लिहायला काहीच हरकत नाही. मुकुटाला सरसकट हद्दपार करू नका.

तसंच ख्रिस्ती मजकुरात. "क्राउन्ड विथ थॉर्न्स" म्हणजे काट्यांचा मुकुट, मराठी ख्रिस्ती समाजात हेच शब्द रुळलेले आहेत. तिथे माळ, कळस, माथा काही चालणार नाही. रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेतल्या, रहस्यांत येशूच्या काट्यांच्या मुकुटाचं एक रहस्य आहे आणि पवित्र मरियेच्या स्वर्गातल्या राज्याभिषेकाचं एक. पहिल्यात छळ आहे, दुसऱ्यात गौरव. दोन्हीकडे इंग्रजी क्रियापद एकच. भाषांतर करणाऱ्याने आधी हे रहस्य कोणतं ते बघावं.

बारवकाठ:

मोठीच मदत झाली सगळ्यांची. आता साधनांबद्दल कोणी सांगेल का? मुलं सध्या शोधयंत्रात शब्द टाकतात आणि पहिलं जे येईल ते घेतात.

जुना_फळा:

इंग्रजी-मराठी कोशाने सुरुवात करू नका, हा माझा पहिला सल्ला. आधी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश बघावा. दोन्ही जालावर फुकट आहेत. त्यात प्रत्येक अर्थाखाली पूर्ण वाक्य असतं आणि शब्दामागे काय येतं ते ठळक केलेलं असतं. 'क्राउन'साठी तेच महत्त्वाचं. मागे 'विथ' आहे, 'बाय' आहे, की थेट पद आहे, यावरच अर्थ ठरतो.

त्यानंतर वाक्यसंग्रह. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे 10 कोटी शब्दांचा खरा मजकूर आहे, आणि अमेरिकन इंग्रजीसाठी कोका म्हणून ओळखला जातो तो 100 कोटींहून मोठा संग्रह. त्यात 'क्राउन्ड' टाकून शेजारचे शब्द बघायला मुलांना अर्धा तास द्या. "क्राउन्ड विथ सक्सेस" कुठे येतं, 'क्राउन्ड चॅम्पियन' कुठे येतं, ते त्यांना आपोआप कळेल. पहिल्या प्रकाराला मराठीत "प्रयत्नांना यश आलं" किंवा "कष्ट फळाला आले" म्हणावं. "यशाचा मुकुट" म्हणू नये, कारण इंग्रजीतही त्या वाक्यात आता मुकुट कोणाला दिसत नाही.

मराठी शब्द पारखायला मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश. तो मराठीतून इंग्रजीत जाणारा आहे, म्हणून उलट बाजूने वापरायचा. 'कळस', 'माथा', 'तुरा', 'शिखर' हे शब्द एकेक करून त्यात बघा आणि त्यांचे अर्थ वाचा. 1857 ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे.

पडताळणी:

राजघराण्यांसाठी त्या त्या राजघराण्याचं अधिकृत संकेतस्थळ बघा. सोहळ्याचं अधिकृत नाव तिथेच मिळतं. कोश तुम्हाला शब्दाचा अर्थ सांगेल, पण विलेम-अलेक्झांडरच्या डोक्यावर मुकुट होता की नाही ते सांगणार नाही.

बारवकाठ:

शेवटचे दोन राहिले. एका जुन्या ब्रिटिश मालिकेची उपशीर्षकं आमच्याकडे आली आहेत. त्यात आई मुलाला रागाने म्हणते, "आय'ल क्राउन यू!" आणि दुसऱ्या प्रसंगात आजोबा नातवाशी पटावरचा खेळ खेळताना "क्राउन मी" म्हणतात. पहिल्यात लाड आहे की धमकी?

जुना_फळा:

धमकी. डोक्यात मारणं असा त्याचा अर्थ, घरगुती आणि थोडा जुना. पुन्हा तोच डोक्याचा माथा. "टाळक्यात हाणीन हं!" असं लिहा. आई मुलाला म्हणते आहे, तेव्हा 'हं' ठेवा, नाहीतर फार कठोर वाटेल.

दुसरा ड्राफ्ट्सचा खेळ, अमेरिकेत त्याला चेकर्स म्हणतात आणि तिथे याच जागी "किंग मी" म्हणतात. सोंगटी समोरच्या शेवटच्या ओळीत पोहोचली की तिच्यावर दुसरी सोंगटी ठेवतात आणि मग ती मागेही चालू शकते. ती दुसरी सोंगटी प्रतिस्पर्ध्याने ठेवायची असते, म्हणून आजोबा नातवाला सांगत आहेत. पडद्यावर आजोबा बोट दाखवत असतील तर "चल, माझा राजा कर!" एवढं पुरे.

बारवकाठ:

बोट दाखवतच आहेत, सर. हेच टाकते.